तिरडीवरचा शॉट

सगळे पळाले तेव्हा मी तिरडीवर बांधलेली होते. छातीवर, कमरेवर आणि घोट्यांवर काथ्याचे वेढे. कपाळावर गुलाल, नाकात कापूस, डोळे मिटलेले. आरडाओरडा कानावर येत होता आणि मला वाटलं, चला, एकदाची ही माणसं नीट रडायला लागली. सकाळपासून डायरेक्टर त्यांना ओरडून सांगत होता की तुम्ही मयतीला आलात, हळदीला नाही. कोणी मनावर घेत नव्हतं. आता मात्र बाया किंचाळत होत्या, मडकं फुटल्याचा आवाज झाला, कोणीतरी "माय वं, माय वं" करत नदीकडे धावत सुटलं. मी मनात म्हटलं, हा टेक ओके होणार.

मग पायाच्या अंगठ्यावर निखारा ठेवल्यासारखं झालं. मग दुसऱ्या पायावर. मग तो आवाज आला, लांबून गिरणी सुरू व्हावी तसा. शेतात जन्म काढलेल्या माणसाला तो ओळखायला लागत नाही. आग्या माश्या.

डोळे उघडले. वर झाड होतं आणि झाडावरची मोहोळं उठली होती. जवळ माणूस नव्हतं. खांदेकरी गेले होते, माझा थोरला मुलगा गेला होता, रडणाऱ्या बाया गेल्या होत्या. मी हात ओढून पाहिला. काथ्या आमच्या गावच्या आबांनी बांधला होता. गावातली प्रत्येक तिरडी तेच बांधतात आणि त्यांनी बांधलेलं मढं आजवर सुटलेलं नाही.

तेवढ्यात तो आला. बाकीचे ज्या दिशेने पळत होते, तिच्या बरोबर उलट्या दिशेने.

त्याचं नाव सांगत नाही. गाव त्याला डायरेक्टर म्हणायचं, निम्मं चेष्टेने. मी भाऊ म्हणायचे. धुळ्याचा होता. पोटाचा धंदा लग्नाच्या शूटिंगचा आणि जिवाचा धंदा अहिराणी सिनेमाचा. हे सिनेमे थेटरात लागत नसत. मोबाइलवर लागत. नरडाण्याच्या कंपनीत पाळीवर जाणारी पोरं जेवणाच्या सुट्टीत बघायची आणि सुरतला गेलेली आपल्याकडची माणसं तिकडे बघायची. तो मात्र त्याला व्हिडिओ म्हणू द्यायचा नाही. "व्हिडिओ लगीननं करतस," म्हणायचा. "मी पिच्चर करस."

अंगाने काटकुळा, पन्नाशीचा, मान पुढे. गळ्यात लहान मुलांच्या पाटीची लाकडी चौकट. पाटी फुटलेली, नुसती चौकट, सुतळीने अडकवलेली. जे दिसेल ते त्या चौकटीतून बघायचा. म्हैस, भांडण, ताटातली भाजी. कोणी वाद घालायला लागलं की चौकट काढून त्याच्या हातात द्यायचा. "यामाईन देख आन मंग बोल." माणूस बघायचा आणि काय बोलायचं ते विसरायचा. एकदा वीजबिलावरून वायरमन त्याच्या अंगावर आला तेव्हाही त्याने हेच केलं. वायरमनने चौकट फेकून दिली. त्याने ती उचलली, पुसली आणि त्याच चौकटीतून वायरमनला बघत राहिला. वायरमन शेवटी पाठ फिरवून गेला. माणसाला मारलेलं चालतं, एवढं बघितलेलं चालत नाही.

आमची ओळख शिव्यांवरून झाली. गावात लग्न होतं, तो शूटिंगला आलेला. नवरदेव मांडवाच्या दारात आला आणि ह्याने त्याला थांबवला. म्हणे ऊन पाठीमागून आहे, नवरदेवाचं तोंड काळं येईल, वरात पलीकडून वळवून आणा. वरात वळवायला निघाले! मी वाढपाला होते. वरण गार होत होतं, पंगत ताटकळली होती. मी बाहेर आले आणि त्याच्या सात पिढ्यांना बोलले. तो शांतपणे चौकट डोळ्याला लावून उभा. माझं संपल्यावर म्हणाला, "अक्का, आजून एकडाव दे. पन आठे उभी राहीसन. तठे तुन्हा तोंडवर सावली पडस."

मी सरकले आणि दिल्या. पहिल्यापेक्षा चांगल्या दिल्या.

पुढच्या आठवड्यात तो घरी आला. सासूचं काम आहे म्हणाला. मी म्हटलं, "माले वाचता येस, पन तुन्हं लिहेल लांबलचक पाठ व्हवाव नही. चौथीपर्यंतच शिकेल शे." तो म्हणाला, "लिहेल काहीच नही. सून भाकर करपाडस. तू काय म्हनशी?" मी काय म्हणेन ते म्हटलं. सुनेचं काम करणारी धुळ्याची मुलगी खरोखर रडली. तो खूश.

धाकटी सून माझ्या बाजूची होती, थोरल्या मुलाला मात्र माझं सिनेमात काम करणं आवडलं नाही. मी सत्तरीत, विधवा, जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात मिरच्या तोडलेल्या. तो म्हणाला, "माय, लोके हसतीन." मी म्हटलं, "मिरच्या तोडताना कोणी रडत होतं का माझ्यासाठी?" विषय संपला.

त्याच्याकडे शब्द होते आणि प्रत्येक शब्दाला एक गोष्ट होती. लाँग शॉट म्हणजे काय? "वावरना बांधवरून आपला धनी येताना दिसस ना, तितला. तोंड दिसत नही, पन चालवरून समजस का आज पैसा भेटना नही." क्लोजअप म्हणजे काय? "सावकार दारात उभा राहीसन तुन्हा डोळामा देखस तितला." क्लोजअपला मी नाही म्हणाले. म्हटलं, "मला मिशा आहेत, दिसतील." तो म्हणाला, "दिसू दे. लांबून बठ्ठा लोके रडतस, अक्का. जवळून बी जो रडत नही, त्याना क्लोजअप लेवाना."

मला रडता येत नाही. नवऱ्याच्या वेळीही आलं नव्हतं, त्यावरून जावा अजून बोलतात. दुसऱ्या नट्यांना डोळ्यांत घालायला औषध असायचं. मला त्याने घातलं, डोळे चुरचुरले, पाणी आलं नाही. मिरच्यांनी आधीच काय ते सगळं संपवलं होतं. दुसरा कोणी असता तर वैतागला असता. ह्याने औषधाची बाटली नाल्यात फेकली. "नको रडू. नुसती देख." मी नुसतं पाहिलं. तोच तुकडा लोकांनी सगळ्यात जास्त बघितला. सुरतहून बायांचे फोन आले, आम्ही खूप रडलो म्हणून. मी म्हटलं, तुम्ही रडा, मला भाकरी टाकायच्या आहेत.

भुसावळ जंक्शनला एकदा बाकावर बसायला गेले तर तिथली बाई पिशवी आडवी ठेवून म्हणाली, "तूच ना ती, सुनेला चटका देणारी?" मी म्हटलं, "हो. सरक." सरकली.

त्याला सगळ्यात मोठं वेड होतं ते मागचं पुढे जुळवण्याचं. कंटिन्युइटी म्हणायचा. आज माणूस दारातून आत गेला आणि उद्या घरात शिरताना दाखवला, तर शर्ट तोच हवा, घाम तितकाच हवा, हातातली विडी तेवढीच जळलेली हवी. एकदा माझा भाकर खाण्याचा प्रसंग होता. निम्मी खाल्ली आणि उजेड गेला. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्याने विचारलं, "कालनी भाकर कोठे शे?"

"कुत्रानी खादी."

तो मटकन ओट्यावर बसला. मयत झाल्यासारखा. माणसं जमली, काय झालं, घरी सगळं बरं आहे ना? मी शेवटी चूल पेटवली, भाकर केली आणि कालच्यासारखीच चावून दिली. त्याने ती चौकटीतून पाहिली. "नही. डावीकडे आजून एक दात." मी तो एक दात दिला. तेव्हा कुठे उठला. त्यानंतर अर्धी राहिलेली भाकर तो फडक्यात बांधून आढ्याला टांगायचा आणि जाताना माझ्या सुनेला सांगायचा, "हाई हिरोईन शे. मुंग्या लागू देऊ नको."

कॅमेरा चालत्या माणसाबरोबर चालवायचा असेल तर मोठे लोक रूळ टाकतात म्हणे. ह्याच्याकडे रूळ कुठले? बोदवड स्टेशनबाहेर मी गाठोडं घेऊन चालते असा प्रसंग होता. ह्याने केळीवाल्याची हातगाडी धरली. केळी उतरवायला गडी तयार नाही, म्हणाला धंद्याची वेळ आहे. मग केळी एका बाजूला, कॅमेरा आणि हा दुसऱ्या बाजूला, आणि गडी गाडी ढकलतोय. गिऱ्हाईक आलं की भाव सांगतोय. पिक्चरमध्ये मी डोळ्यांत जन्माचं दुःख घेऊन चाललेय आणि खालच्या कोपऱ्यातून एक हात येऊन केळ्यांची फणी उचलून घेऊन जातो. सगळे म्हणाले, हे काप. तो म्हणाला, "काबर? तिन्हं दुःख शे म्हनीसन लोके केळा खावानं सोडतस का?"

मला त्याचं एक चटकन पटलं होतं. दोन माणसं समोरासमोर बोलत असली की कॅमेरा एकाच बाजूला राहिला पाहिजे, पलीकडे गेला की गोंधळ होतो. तो मला समजावत होता की दोघांच्या मधून एक रेघ आहे असं समज. मी म्हटलं, "नाली म्हण ना. मी नि माझी शेजारीण नालीच्या दोन काठांवरून भांडतो. बघणाऱ्याने एका काठावर राहावं. उडी मारली की त्याला कळत नाही कोण कोणाला बोलतंय." तेव्हापासून तो धुळ्याच्या पोरांनाही "नाली वलांडू नको" असंच ओरडायचा.

ऊन फिरेल तसा तो फिरायचा. जेवता जेवता ताट घेऊन उठायचा. उन्हाच्या तिरपेवर धूर सोडायला त्याला फार आवडे. लोबान, गोवरी, ओला पाला, जे मिळेल ते. म्हणायचा, "उजेड एकला दिसत नही. त्याले काही तरी आडवं लागस." त्या धुरापायी एकदा माझ्या सुनेचं वाळत घातलेलं लुगडं पिवळं झालं. सुनेने त्याला आठवडाभर चहा दिला नाही. तो रोज कपबशी घेऊन दारात उभा राहायचा आणि रोज तसाच परत जायचा. माफी मात्र मागितली नाही.

माफी त्याच्या स्वभावातच नव्हती. पुण्यामुंबईचा कोणी पैसेवाला आला होता. म्हणाला, हेच सगळं शुद्ध मराठीत करा, मोठ्या पडद्यावर लावू. ह्याने विचारलं, "हिरो कोन?" तो म्हणाला, आम्ही आणू. "हिरोईन?" आम्ही आणू. "सासू?" तीही आहे आमच्याकडे. "मंग देखनारा बी तिकडूनच आना ना, साहेब. माले काबर इचारतस?" आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "अक्का, साहेबले चहा पाज. लांबून येल शेतस." मी पाजला. बिनदुधाचा.

आणि त्याचा एक कायदा होता. कट फक्त तो म्हणणार. त्याने कट म्हणेपर्यंत कोणी हलायचं नाही. एकदा आमच्या भांडणाच्या प्रसंगात शेजाऱ्याची खरी म्हैस दावं तोडून आली आणि मांडलेली भांडी तुडवून गेली. तो गप्प. कॅमेरा चालू. आम्ही भांडत राहिलो, म्हशीलाही दोन शिव्या दिल्या. एका पाहुण्या नटाने मध्येच "कट कट" केलं तर त्याला दिवसभर उन्हात थर्माकोल धरून उभा केला, आमच्या तोंडावर उजेड पाडायला. कट ऐकू आल्याशिवाय आमचं अंगच ढिलं पडत नसे. चालू शॉटमध्ये मला उचकी लागली तरी मी ती गिळायला शिकले होते.

त्या शेवटच्या पिक्चरमध्ये सासू मरते आणि सून रडत नाही, असं होतं. मढ्याच्या तोंडाचा क्लोजअप हवा होता, स्मशानात, चौघांनी खांद्यावरून उतरवल्यावर. गावात कळलं आणि कल्ला झाला. जित्या माणसाला तिरडीवर? थोरला म्हणाला, "माय, हाई अति व्हयनं. लोके काय म्हनतीन?"

मी म्हटलं, "एक दिवस खरीखुरी झोपेन तेव्हा लोकांची तोंडं दिसणार नाहीत. आत्ताच बघून घेते."

पारावर आबा बसले होते, बाकीची म्हातारी मंडळी होती. डायरेक्टर त्यांच्यापुढे उभा, चौकट गळ्यात. आबा त्याला म्हणाले, "तिरडी मी बांधी दिसू. कलाकारी शे म्हनतस ना, ठीक शे. पन स्मशानना ओटावर नही. खरी जागावर खोटं मढं नको. ती जागा माणूस मांगी लेस."

मी मध्ये गेले. "आबा, बाईना डोकावर कावळा बसना का अपशकुन टाळाले तुमीच खोटा सांगावा धाडतस ना, फलानी मरी गयी म्हनीसन? पाहुना रडत येतस आन चहा पीसन जातस. तवय चालस?"

"ते येगळं. ते जुनं शे."

"हाई बी जुनं व्हई जाई."

म्हातारी मंडळी हसली, पण आबा हटले नाहीत. ओटा नाही म्हणजे नाही. डायरेक्टर म्हणाला, "नही ते नही. स्मशानमा कोठे बी चाली." त्याला फक्त मागे नदी हवी होती.

आमचं स्मशान तापीच्या काठाला आहे. पत्र्याची शेड, तिच्यात ओटा. शेडच्या अलीकडे अर्जुनाचं एक जुनं झाड आहे. त्या झाडाला दरवर्षी आग्या मोहोळं लागतात, सुपाएवढी. त्या झाडाखाली आमच्याकडे कोणी विडीसुद्धा पेटवत नाही. शेंबड्या पोरालाही ते माहीत आहे. त्या दिवशी मला घरून बांधून, डोळे मिटून, विसाव्याला टेकवून वाजतगाजत नेलं. काठावर पोचल्यावर आबांनी आणि माणसांनी मिळून ओट्यापासून दूर, अगदी दूर, असं करत करत तिरडी त्या झाडाखाली नेऊन ठेवली. सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर, की खोट्या मढ्याची सावली खऱ्या जागेवर पडू नये. वर कोणी पाहिलं नाही. तो धुळ्याचा, त्याला काय माहीत? त्याला तिरपं ऊन दिसलं. मयतीपुढे धरतात त्या मडक्यात गोवऱ्या होत्याच. त्याने त्यांच्यावर ओला लिंबाचा पाला टाकला. धूर वर गेला. भुताची काळजी करता करता माझ्या गावाला माश्यांचा विसर पडला.

तर तो आला. पहिल्यांदा माझ्या छातीवरच्या गाठीला हात घातला. सुटेना. "चाकू?" मी विचारलं. "नही." माझ्या पायांवर माश्या बसल्या होत्या, त्याच्या मानेवर, कानांवर बसल्या होत्या. मी जोर लावून धडपडायला लागले, तशा त्या तोंडाकडे आल्या. ह्या माश्या हलणाऱ्यावर येतात.

त्याने गाठ सोडून दिली. कॅमेऱ्यावर टाकायची ताडपत्री ओढून आणली आणि माझ्या डोक्यापासून घोट्यांपर्यंत पसरली. नदीचा वारा होता, ताडपत्री उडत होती. तो माझ्या उशाशी गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हात पसरून तिच्या कडा जमिनीला दाबून धरल्या. मला तो दिसत नव्हता, फक्त आवाज.

"अक्का, डोळा मिट. शॉट चालू शे."

"मुडद्या, कसला शॉट! पळ!"

"शॉट चालू शे. कट मी म्हनसू. मढं हालत नही."

आणि माझं अंग थांबलं. विश्वास वगैरे काही नाही. सवय. त्याने इतकी वर्षं ती लावली होती. पाय जळत होते, मी पाय ओढला नाही. नाकातल्या कापसाने एक बरं झालं, नाकात काही शिरलं नाही. तोंड मिटून दातांच्या फटीतून श्वास घेत राहिले.

तो बोलत होता. "शाब्बास. आते लाँग शॉट शे. नदी दिसस, झाड दिसस, तू बारीक दिसस." "आते कॅमेरा हळू हळू फिरी राह्यना. पॅन. डावीकडून. हालशी ते तूच दिसशी. नको हालू." मग, "जवळ येस आते. क्लोजअप. पापनी बी नही." आवाज जाड व्हायला लागला होता, तोंडात घास असल्यासारखा. मी आतून म्हटलं, "भाऊ, पळ ना रे. मी नही हालत. तू जाय." तो म्हणाला, "बोलू नको. आवाज बी घेत शे." त्यानंतर नुसतं "चालू शे, चालू शे." मग तेही शब्द राहिले नाहीत. ताडपत्रीच्या कडा मात्र दाबलेल्या राहिल्या.

थोरला परत आला. त्याच्या बाजूने हे सांगायला हवं. पळाला होता, पण घोंगडी पांघरून, हातात पेटतं पाचट घेऊन परत आला, सोबत आबाही होते. आबांनीच विळ्याने काथ्या कापला. मी उठले तेव्हा तो ताडपत्रीवर आडवा पडलेला होता. तोंड ओळखू येत नव्हतं. हात उघडायला दोघे लागले.

गाडीत घालून धुळ्याला नेलं. मला सुया टोचल्या, पायांना मलम लावलं. त्याच्याबद्दल डॉक्टर म्हणाले, इतक्या डंखांनंतर धडधाकट माणसंही राहत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

दहाव्याला मी धुळ्याला गेले. दारातल्या बाया कुजबुजल्या. एक म्हातारी उघड म्हणाली, "तिरडी जिन्ही व्हती, तिनी दुसराले धाडी दिधं." मी आत गेले. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. तिने मला पाणी दिलं आणि विचारलं, "अक्का, शेवटले काय बोलना व्हता का तो?"

मी म्हटलं, "बोलना. मढं हालत नही म्हने. मंग पॅन, मंग क्लोजअप."

ती हसली, मग पदर तोंडावर घेतला. "घरना कोनसाठी काहीच नही?"

"नही."

"माले माहीतच व्हतं," ती म्हणाली. "आमना लगीनमा बी त्यानी भटजीले दोनदा मंगळाष्टका म्हनाले लाई व्हती. आवाज नीट येल नव्हता." मग म्हणाली, "ते पिच्चर अर्धं राह्यनं ना?"

"क्लोजअप राह्यना."

"तू करशी?"

गावात मला सांगण्यात आलं होतं की शांती करून घे. तिरडी रिकामी परत येत नाही, तिने एक घेतला, आता तुझ्यावर नजर आहे. पोथीवाला माणूसही ठरवून ठेवला होता. मी पारावर गेले. सगळी म्हातारी मंडळी बसली होती. म्हटलं, "तिरडीने काही घेतलं नाही. ओट्यावर ठेवली असती तर माश्या उठल्या नसत्या. तुम्ही सगळ्यांनी मिळून आम्हाला त्या झाडाखाली ढकललं. शांती करायची तर तुमची करा." थोरल्याने मान खाली घातली, पण मला घरी चल म्हणाला नाही.

"आन आते क्लोजअप ओटावर व्हई," मी म्हटलं. "कोनले आडं येवानं त्यानी यावं."

कोणी आडवं आलं नाही. त्याच्याबरोबर लग्नाची शूटिंगं करणारा धुळ्याचा एक जण आला, त्याच कॅमेऱ्यावर. भाऊची बायको सोबत आली, शेडच्या खांबाला टेकून उभी राहिली. आबांनी तिरडी आणली, काथ्या आणला. माझ्या छातीवर त्यांनी गाठ मारली. मग म्हणाले, "अक्का, सुरगाठ मारेल शे. हाई टोक तुन्हा हातमा धर. ओढशी का सुटी जाई."

मी टोक धरलं नाही. मढं टोक धरत नाही. डोळे मिटले, ओट्याचा दगड पाठीला गार लागला, ऊन तोंडावर आलं. कॅमेरा जवळ आला, अगदी मिशांपर्यंत. मी हलले नाही. कट त्याच्या बायकोने म्हटलं.

पिक्चर लागलं. सुरतला लागलं, नरडाण्याला लागलं, आबांनी नातवाच्या मोबाइलवर बघितलं. लोक अजून विचारतात, अक्का, त्या दिवशी नेमकं काय झालं? अवस, अपशकुन, कोणाची नजर, ज्याला जे हवं ते त्यात घालतात. मी जास्त सांगत बसत नाही. त्या झाडाखाली दोन माणसं राहिली होती. तो मेला. मी जगले.